वाटीत नुसतं तूप

घट बसायच्या आधी आमच्या घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन निघतात. आता नदीवर कुणी जात नाही, गच्चीवर टपात भिजवून पायांनी तुडवायच्या गोधड्या, पण काम तेच. हरणीची गोधडी मी दरवर्षी सगळ्यात शेवटी घेते, नाहीतर तिच्या केसांनी बाकीच्या भरतात. गेल्या वर्षी ती दिवाणाखालून ओढून काढली, झटकली आणि फरशीवर टपटप काहीतरी पडलं. ज्वारीचे दाणे असतील असं वाटलं. वाकून बघितलं तर गोळ्या. काहींचं वरचं आवरण चाटून निघून गेलेलं, काही अगदी पाकिटातून काढल्यासारख्या कोऱ्या. एकेक वेचून तळहातावर घेतल्या. अकरा भरल्या.

या अकराही गोळ्या मी तिला माझ्या हाताने दिल्या होत्या. म्हणजे दिल्या असं मी समजत होते.

हरणी आमची गावठी कुत्री. आठ वर्षांपूर्वी भर पावसात गटारीच्या कडेला कुडकुडत असलेलं पिल्लू माझ्या लेकीने पदराखाली धरावं तसं दप्तराखाली धरून आणलं. रंग हरणाचा, डोळेही तसेच, म्हणून सासूबाईंनी हे नाव ठेवलं. आता वजन वीस किलो. घर साताऱ्याच्या जुन्या पेठेतलं, दगडामातीच्या भिंतींचं. हे भिंतींचं मुद्दाम सांगते आहे, पुढे त्याचं काम आहे.

श्रावणात ती जेवेनाशी झाली. भाकरी हुंगायची आणि तोंड फिरवून बसायची. तिसऱ्या दिवशी लेकीने तिच्या पोटावरून हात फिरवला तर कातडीखाली बारीक लाल टिपके दिसले, टाचणीने टोचल्यासारखे. हिरड्या नेहमी गुलाबी असायच्या, त्या फिक्या पडलेल्या. दवाखान्यात ताप निघाला १०४. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ हे त्यांचं रोजचं, पण १०४ म्हणजे ताप. रक्त तपासलं. प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर असायला हव्यात, त्या ४८,००० होत्या.

गोचीड ताप.

या आजाराचं शास्त्रीय नाव एर्लिकिओसिस. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून एक जंतू रक्तात शिरतो आणि पांढऱ्या पेशींच्या आत घर करून राहतो. १९३५ साली अल्जीरियातल्या कुत्र्यांमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याने नेलेली कितीतरी जर्मन शेफर्ड कुत्री याच तापाने, नाकातून रक्त वाहून मेली, तेव्हा कुठे जगाने त्याची नीट दखल घेतली. हे सगळं मी रात्री हरणीच्या शेजारी बसून मोबाइलवर वाचत होते. एवढ्या लांबच्या गोष्टी वाचून काय मिळणार होतं? काही नाही. पण तिचा श्वास मोजत नुसतं बसणंही जमत नव्हतं.

औषध मात्र साधं. डॉक्सिसायक्लिन. माणसांचीच गोळी ही. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोच्या धास्तीने देतात तीच. हरणीला १०० मिलिग्रॅमची एक सकाळी, एक संध्याकाळी, २८ दिवस. छप्पन्न गोळ्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चौथ्या दिवशी ती उड्या मारायला लागेल. तेव्हा थांबू नका. बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं."

चौथ्या दिवशी खरोखर ती अंगणात धावली. आणि तिथूनच आमची ओढाताण सुरू झाली.

आजारात ग्लानीत असताना ती गोळी गिळून टाकायची. शुद्धीवर आल्यावर तिने नाक लावलं आणि संपलंच. कुत्र्याच्या नाकापुढे आपली काय मात्रा! माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. चवीचं मात्र उलट. आपल्या जिभेवर नऊ हजारांच्या आसपास रुचिकलिका, तिच्या जिभेवर सतराशेच्या घरात. म्हणजे गोळी कडू लागते म्हणून ती नाकारत होती असं नाही. तोंडाजवळ येण्याआधीच तिला ती कळत होती. मी गूळ लावते, तूप लावते, मटणाच्या रश्श्यात बुडवते, आणि तिला गूळ, तूप, रस्सा आणि गोळी असे चार वेगळे वास येतात. आपल्याला भाजीत मीठ आहे एवढंच कळतं. तिला बहुधा मिठाचा खडा कुठे पडला आहे हेही कळत असावं.

पहिला प्रयोग कंदी पेढ्याचा. साताऱ्यात राहून दुसरं काय सुचणार? पेढा मऊ, घट्ट, खमंग, गोळी त्यात अशी बसते की जणू त्यासाठीच वळला आहे. हरणीने दोन दिवस गुपचूप खाल्ला. तिसऱ्या दिवशी मी हे कौतुकाने डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं, तर पलीकडे क्षणभर काही आवाजच नाही. मग त्यांनी समजावलं. या औषधाला कॅल्शियम चालत नाही. दूध, दही, पनीर, खवा, कशातही घालून दिलं की ते कॅल्शियमला बांधलं जातं आणि रक्तात जायचं ते कमी जातं. सासूबाई सकाळची भाकरी तिला दुधात कुस्करून घालायच्या, तीही बंद झाली. दूध द्यायचंच तर गोळीच्या दोन तास मागे-पुढे.

मग गोळी कुटून बघितली. ती तर घोडचूक. कुटल्यावर कडूपणा आणि वास सगळ्या जेवणभर पसरतो. ताटलीतला एक घास नाही, अख्खी ताटली वाया जाते. शेजारच्या काकूंनी सांगितलं, सांगलीचे बेदाणे भिजवून त्यात घाल. नशीब मी आधी विचारलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. कुणी शेंगदाण्याचं बटर सुचवलं. त्यातही झायलिटॉल नावाचा गोडवा घातलेला असेल तर तो कुत्र्याला जिवावर बेततो, डबीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय देऊ नये. आणि ताप उतरायला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर कधीच नको. प्रेमाने माणूस काय काय भरवायला निघतो, आणि त्यातलं किती विष असतं.

राहता राहिलं तूप. ते दुधातूनच येतं, पण दुधातलं कॅल्शियम ताकात आणि बेरीत मागे राहतं, तुपात नाहीच म्हणण्याइतकं. फार घालायचं नाही, स्वादुपिंडाला सोसत नाही, पण नखभर चालेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मग मी भाकरीचा तुकडा, त्यात गोळी, वर तूप, असं सुरू केलं. आठवडाभर चाललं. नंतर हरणी भाकरी तोंडात घ्यायची, दिवाणाखाली जायची आणि जरा वेळाने मिशा चाटत बाहेर यायची. मी वहीत फुली मारायची. वहीतल्या त्या फुल्या अजून आहेत. एकही चुकलेली नाही.

हळूहळू तिने भाकरीही सोडली. मग माझ्या हातून काहीही घ्यायचं सोडलं. बोंबील, उकडलेलं अंडं, काहीही हातावर धरलं की आधी माझ्या बोटांचा वास घ्यायची, मग तोंडाकडे बघायची आणि मागे सरकायची. सासूबाईंच्या हातून खायची. लेक सुट्टीला आली की तिच्या हातून. माझ्या हातून नाही. आठ वर्षं जिला मी भरवलं ती माझ्या हाताची चौकशी करत होती.

एका संध्याकाळी मी तुपाची वाटी घेऊन तिच्या मागे परसदारी धावत होते. ती पेरूच्या झाडामागे, मी वाटी पुढे करून, "ये गं, ये माझ्या राणी, तूप आहे बघ." सासूबाई पायरीवर माळ ओढत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नामदेवाची आठवण झाली बघ तुला बघून."

नामदेवांची ती गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की बाबा, कोरडी नको खाऊस, घशाला लागेल.

मला बरं वाटलं. कुणाला तरी माझी धडपड दिसते आहे असं वाटलं. सासूबाई माळेवरचा मणी पुढे सरकवत म्हणाल्या, "फक्त त्यांच्या वाटीत नुसतं तूप होतं."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांचा तो स्वभाव नाही. जे दिसलं ते बोलल्या आणि पुन्हा जपाला लागल्या. मी मात्र त्या वेळी रागावले. मनात म्हटलं, आई, तुम्हाला काय जातंय बोलायला, ४८,००० हा आकडा मी घेऊन झोपते रोज.

त्याच आठवड्यात तो प्रसंग घडला, जो मला लिहावासा वाटत नाही, पण तो वगळला तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही. तीन वेळा गोळी थुंकली म्हणून आम्ही दोघांनी, मी आणि नवऱ्याने, तिला कोपऱ्यात धरलं. त्याने मागून आवळलं, मी जबडा उघडला. ती गुरगुरली नाही. चावली नाही. तिने फक्त अंग सोडून दिलं आणि तिच्याखाली फरशी ओली झाली. गोळी आत गेली. मी वहीत फुली मारली. रात्रभर ती दिवाणाखालून बाहेर आली नाही आणि मी दिवाणाशेजारी जमिनीवर झोपले.

२८ दिवस झाले. वहीत छप्पन्न फुल्या. आम्ही पालीला जाऊन खंडोबाचं दर्शन घेऊन आलो. खंडोबा आमचं कुलदैवत, आणि त्याच्या पायाशी कुत्रं असतंच. सासूबाईंनी येताना भंडारा आणला आणि हरणीच्या कपाळाला लावला.

आणि मग गोधडी झटकली.

त्याआधी चार-पाच दिवस ती जरा मलूलच होती. आम्ही म्हणत होतो, ऊन वाढलंय. गोळ्या हातात घेऊन मी तशीच दवाखान्यात गेले, ओल्या साडीने. रक्त तपासलं. प्लेटलेट्स पुन्हा खाली, ६२,०००. अर्धवट पोचलेल्या औषधाने आजार परत उसळला की नव्या गोचिडीने नवा दिला, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मला दोष दिला नाही. पण एक वाक्य बोलल्या: "गोळी दिली हे बघायचं नाही, गिळली हे बघायचं. नाक चाटलं की समजायचं, गिळली."

पुन्हा २८ दिवस. पुन्हा छप्पन्न.

त्या दिवशी घरी येताना रिक्षात हरणीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि सासूबाईंचं वाक्य माझ्या डोक्यात. वाटीत नुसतं तूप. मला आता त्याचा राग येत नव्हता. मी काय केलं होतं? तिला आवडणारी एकेक गोष्ट घेतली आणि तिच्यात तिला नको असलेली गोष्ट लपवली. पेढा गेला, भाकरी गेली, तूप गेलं, शेवटी माझा हात गेला. मला वाटत होतं, मी गोळी गोड करते आहे. प्रत्यक्षात मी भाकरी कडू करत होते.

म्हणून ठरवलं, लपवायचं नाही. गोळी ही गोळी आणि तूप हे तूप.

डॉक्टरबाईंनी मला हात कसा धरायचा ते शिकवलं. ज्यांच्या घरी असं कुत्रं आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. कुत्र्याच्या समोर उभं राहायचं नाही, शेजारी बसायचं, दोघांचं तोंड एकाच दिशेला. डावा हात वरून नाकाडावर, अंगठा आणि बोटं सुळ्यांच्या मागे. दाबायचं नाही, नुसतं धरायचं. नाक छताकडे केलं की खालचा जबडा आपोआप सैल होतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने तो हलकेच खाली करायचा आणि गोळी जिभेच्या मध्यावर नाही, मागच्या उंचवट्याच्या पलीकडे ठेवायची. मध्यावर ठेवली की जीभ ती बाहेर ढकलणार, तो तिचा धर्मच आहे. मग तोंड मिटायचं, नाक पुन्हा सरळ करायचं, गळ्यावरून खाली बोट फिरवायचं आणि वाट बघायची. जीभ बाहेर येऊन नाकाला लागली की झालं. लगेच सुई नसलेल्या सिरिंजने पाच-सहा मिली पाणी गालाच्या फटीतून हळूहळू सोडायचं, किंवा काहीतरी खायला द्यायचं. ही गोळी कोरडी अडकून राहिली तर अन्ननलिकेला जखम होते. ही शेवटची पायरी कुणी गाळू नये.

पण हात शिकणं सोपं होतं. अवघड होतं ते हरणीला माझा हात पुन्हा मान्य होणं. त्यासाठी गोळीच्या दोन वेळांखेरीज दिवसातून सहा वेळा मी तिच्या शेजारी बसून नुसतं नाकाड धरायची आणि सोडायची. गोळी नाही, काही नाही. धरलं, सोडलं, बोटभर तूप. पहिल्या दिवशी नाकाडाला हात लागला न लागला तोच तूप. दुसऱ्या दिवशी दोन आकडे मोजेपर्यंत. चौथ्या दिवशी नाक वर. शाळेत पोरांना बाराखडी शिकवताना मी कधी घाई केली नाही, मग इथे का करावी?

आणि गोळीच्या वेळेला मी एक शब्द ठेवला. "गोळी." त्या वेळी "ये" म्हणायचं नाही, "खाऊ" म्हणायचं नाही, लाडाचं नाव घ्यायचं नाही. तिला बोलवायचंही नाही, मी तिच्याकडे जायचं. गोळी उघड्या हातावर धरून आधी तिला हुंगू द्यायची. "हरणे, गोळी." ती तोंड फिरवायची. बरोबर आहे, फिरवणारच. मी बसून राहायची. तूप दुसऱ्या वाटीत, तिला दिसेल असं, आणि त्या तुपाला गोळीचा हात कधी लावायचा नाही. गोळी उजव्या हाताने, तूप डाव्या. हे मी इतकं काटेकोर पाळलं की सासूबाई म्हणाल्या, सोवळ्यात असल्यासारखी वागतेस.

पहिले आठ दिवस शब्द ऐकला की ती उठून दिवाणाखाली जायची. मी दिवाणापाशी जाऊन आडवी व्हायची आणि तिथेच, तिच्या जागी, द्यायची. एकदा वीस मिनिटं लागली. एकदा चाळीस. त्या दिवशी शाळेत उशीर झाला आणि मी खरं कारण सांगितलं. नवव्या दिवशी ती उठली नाही. शब्द ऐकला, कान मागे गेले, शेपटी अंगाखाली गेली, पण जागेवर राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या दिवशी. तिला गोळी आवडू लागली नव्हती, तिला ती अजूनही नकोच होती. पण आपल्यापुढे काय येणार आहे हे तिला ठाऊक होतं, ते संपल्यावर काय येणार हेही ठाऊक होतं, आणि एवढं ठाऊक असणं तिला पुरेसं होतं.

मधे तीन-चार वेळा गोळी थुंकली गेली. फरशीवरची उचलायची, पुसायची, पुन्हा "गोळी". वहीत फुली मी आता नाक चाटल्यावरच मारायची. तेराव्या दिवशी तिने माझ्या हातून भाकरी घेतली, न हुंगता. मी ते सासूबाईंना मोठ्याने हाक मारून सांगितलं.

५६वी गोळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिली. महिन्याने तपासलं तेव्हा प्लेटलेट्स २,४०,००० होत्या.

औषध संपलं तरी काम संपलं नव्हतं. लोक समजतात गोचीड म्हशींकडून येते. पण कुत्र्यावरची तपकिरी गोचीड वेगळी, ती घरात राहते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरून भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारो अंडी घालते. नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, भिंतींकडे बघावं लागतं. आमच्या दगडामातीच्या भिंतींना तर हात जाईल एवढ्या फटी. थंडीत गवंडी बोलावला. त्याने माजघराची बाजू धरली, एकेक फट खरवडायची आणि चुन्या-सिमेंटने भरायची.

दिवाण बाजूला सरकवून त्याने जोत्याजवळची भेग खरवडली तेव्हा आतून मातीबरोबर काहीतरी गोल पडलं. त्याने ते बोटाने उचलून मला दाखवलं. "बाई, हे काय हो?"

मी हातात घेतलं. वरचं आवरण गेलेलं, एका कडेला दाताची खूण. बारावी.

हरणी उठून आली. माझ्या उघड्या तळहाताला नाक लावलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिथेच शेजारी बसली, हनुवटी वर करून. मी म्हटलं, "नाही गं. ही जुनी आहे." आणि हात धुवायला उठले, कारण डब्यात भाकरी होती आणि तिला ती याच हाताने द्यायची होती.